मंजुरीपत्रासोबत येणारा गृहकर्ज विमा: घ्यावा का, आणि घ्यायचा तर कसा?

गृहकर्ज मंजूर झालं की सह्यांच्या गठ्ठ्यात एक फॉर्म हमखास असतो. कर्जदाराचा मृत्यू झाला तर उरलेलं कर्ज विमा कंपनी फेडेल, विम्याचा हप्ता एकदाच भरायचा आणि तोही कर्जातच मिळवून देऊ, असं सांगितलं जातं. एसबीआय लाइफची ‘ऋण रक्षा’ किंवा एचडीएफसी लाइफची ‘ग्रुप क्रेडिट प्रोटेक्ट प्लस’ या अशाच समूह विमा योजना आहेत, म्हणजे बँकेच्या कर्जदारांसाठी एकत्र काढलेल्या. हे परीक्षण एका कंपनीचं नाही, या सगळ्या प्रकाराचं आहे.

‘हा इन्शुरन्स कंपल्सरी आहे’ हे वाक्य काउंटरवर सर्रास ऐकू येतं. ते खरं नाही. गृहकर्जासाठी आयुर्विमा घेतलाच पाहिजे असा रिझर्व्ह बँकेचा किंवा विमा नियामक आयआरडीएआयचा कोणताही नियम नाही. बँक करारात मागू शकते तो घराचा विमा, म्हणजे आग, भूकंप, पूर यांसाठीचा. तो वेगळा आणि तुलनेने खूप स्वस्त असतो. १ एप्रिल २०२१ पासून त्यासाठी सगळ्या कंपन्यांकडे ‘भारत गृह रक्षा’ ही एकसारखी पॉलिसी मिळते. दोन्ही विमे एकाच दमात सांगितले जातात आणि गोंधळ तिथेच सुरू होतो.

सक्ती नसली तरी गरज आहे का, हे तुमच्या मागे कोण आहे यावर ठरतं. सहकर्जदार पत्नी असेल तर तुमच्या पश्चात पूर्ण कर्जाची जबाबदारी तिच्यावर येते. वारस सहकर्जदार नसतील तर वारशात मिळालेल्या मालमत्तेपुरतीच त्यांची जबाबदारी असते, पण ती मालमत्ता म्हणजे नेमकं तेच घर. कर्जाचा हप्ता ९० दिवसांहून जास्त थकला की खातं एनपीए, म्हणजे थकीत कर्ज ठरतं. मग तारण मालमत्तेतून कर्जवसुलीची मुभा देणाऱ्या २००२ च्या सरफेसी कायद्याखाली ६० दिवसांची नोटीस येते आणि त्यानंतर ताबा घेण्याची प्रक्रिया सुरू होते. तुमच्या पगाराशिवाय हप्ता चालणार नसेल तर विमा हवाच, यात आम्हाला शंका नाही. एकटे असाल, सहकर्जदार आणि जामीनदार कोणी नसेल, तर तो टाळता येतो. आधीचा टर्म प्लॅन (मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा साधा आयुर्विमा) कर्ज आणि घरखर्च दोन्ही पेलण्याइतका मोठा असेल तरीही नवा घेण्याचं कारण नाही.

आता बँकेच्या योजनेकडे. पहिली अडचण विम्याचा हप्ता कर्जात मिळवण्याची. समजा ५० लाखांचं कर्ज, २० वर्षं, ८.५ टक्के. ईएमआय ४३,३९१ रुपये. विम्याचे दीड लाख त्यात टाकले तर ईएमआय १,३०२ रुपयांनी वाढतो आणि २० वर्षांत त्या दीड लाखाचे जवळपास ३ लाख १२ हजार भरले जातात. ‘विमा घेतला तर व्याजात ०.०५ टक्के सूट’ असंही काही ठिकाणी सांगतात. याच कर्जावर ती सूट महिन्याला सुमारे १५८ रुपयांची होते. १५८ वाचवायला १,३०२ मोजायचे, हा हिशेब कागदावर मांडला की पुढे वाद उरत नाही. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्यावरचा जीएसटी शून्य झाला. समूह विम्यावर मात्र १८ टक्के अजून लागतो.

दुसरी अडचण फार कमी लोकांच्या लक्षात येते. या योजनांमध्ये विमा रक्कम बहुधा घटत जाते, आणि ती खऱ्या थकबाकीप्रमाणे न घटता विमा प्रमाणपत्रासोबतच्या तक्त्याप्रमाणे घटते. तो तक्ता पहिल्या दिवशी एक व्याजदर धरून छापलेला असतो. रेपो दर (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते तो) मे २०२२ पर्यंत ४ टक्के होता, फेब्रुवारी २०२३ मध्ये ६.५ झाला. फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या दराच्या कर्जांचे व्याजदर त्यासोबत वर गेले आणि अनेकांचा ईएमआय तोच ठेवून मुदत वाढवली गेली. उदाहरण घेऊ. ५० लाख, २० वर्षं, ७ टक्के, ईएमआय ३८,७६५. वर्षभरानंतर दर ९ टक्के झाला आणि ईएमआय तोच राहिला, तर पाच वर्षांअखेर थकबाकी साधारण ४७ लाख ५७ हजार असेल. ७ टक्के धरून छापलेला तक्ता मात्र ४३ लाख १३ हजार दाखवेल. हा जवळपास साडेचार लाखांचा खड्डा कुटुंबाने भरायचा. म्हणून फॉर्मवर सही करण्याआधी ‘घटत्या विम्यात कोणता व्याजदर धरला आहे?’ हे विचारा. चालू दरापेक्षा दोन टक्के जास्त धरलेला असेल तर बरं. समान रक्कम राहणारा पर्याय मिळत असेल तर त्याचाही हप्ता विचारून घ्या.

मुदतही तपासा. कर्ज २० वर्षांचं आणि विमा ५ किंवा १० वर्षांचा, असं सर्रास दिलं जातं, कारण त्यामुळे हप्ता छोटा दिसतो. वर ८.५ टक्क्यांचं जे उदाहरण दिलं, त्यात १० वर्षं पूर्ण झाल्यावरही मुद्दल ३५ लाखांच्या आसपास शिल्लक असते. निम्मी मुदत संपली तरी ७० टक्के कर्ज डोक्यावर, आणि विमा संपलेला.

त्याहून वाईट म्हणजे ‘लोन प्रोटेक्ट’ अशा नावाने विकली जाणारी अपघात विम्याची पॉलिसी. ती सर्वसाधारण (आयुर्विमा न विकणाऱ्या) विमा कंपनीची असते. तिच्यात अपघाती मृत्यू असतो, काही गंभीर आजार असतात, नोकरी गेली तर दोन-तीन हप्ते असतात. झोपेत हृदयविकाराने मृत्यू झाला तर अपघाताच्या कलमाखाली काहीच मिळत नाही. पत्रावर ‘लाइफ’ कंपनीचं नाव आहे का आणि ‘कोणत्याही कारणाने मृत्यू’ असे शब्द आहेत का, एवढं तरी पाहाच.

क्लेम अडकतात ते मुख्यतः आरोग्याच्या घोषणेवर. वैद्यकीय तपासणी नसते म्हणून फॉर्म घाईत भरला जातो, सगळ्या प्रश्नांपुढे ‘नाही’वर टिक, आणि ग्राहक फक्त सही करतो. रक्तदाबाची गोळी चालू असेल, साखर असेल, तर स्वतःच्या हाताने ‘हो’ लिहा. हप्ता थोडा वाढेल, पण विमा कायद्याच्या कलम ४५ नुसार पहिल्या तीन वर्षांत लपवलेल्या माहितीवरून कंपनी दावा नाकारू शकते. तो धोका कुटुंबाच्या गळ्यात टाकू नका. भरलेल्या फॉर्मची प्रत मागून घ्या.

बँक बदलली तर काय, हाही प्रश्न आहे. कर्ज दुसरीकडे नेलं की समूह विमा बहुतेक वेळा तिथेच संपतो आणि परतावा भरलेल्या रकमेच्या मानाने तुटपुंजा असतो. पती-पत्नी दोघांच्या पगारावर कर्ज असेल तर विमा फक्त पहिल्या नावाचा आहे की दोघांचा, तेही प्रमाणपत्रावर वाचून घ्या.

तरीही ही योजना सरसकट टाकाऊ नाही. टर्म प्लॅनसाठी उत्पन्नाचा पुरावा, आयकर विवरणपत्रं आणि अनेकदा रक्ततपासणी लागते. छोटा दुकानदार, पन्नाशी ओलांडलेला कर्जदार किंवा आजारामुळे टर्म प्लॅन नाकारला गेलेला माणूस, यांना समूह योजनेत विमा मिळण्याची शक्यता जास्त असते. त्यांनी तो घ्यावा, फक्त हप्ता कर्जात न मिळवता स्वतःच्या खात्यातून भरावा. बाकी सगळ्यांनी स्वतःचा वैयक्तिक टर्म प्लॅन घ्यावा. त्यात रक्कम घटत नाही, बँक बदलली तरी तो सोबत येतो, आणि पैसा नॉमिनीच्या हातात पडतो. कर्ज लगेच फेडायचं की थोडं हाताशी ठेवायचं हे मग घरच्यांना ठरवता येतं. बँकेने फारच आग्रह धरला तर हीच टर्म पॉलिसी विमा कायद्याच्या कलम ३८ खाली बँकेच्या नावे असाइन, म्हणजे हस्तांतरित करण्याची तयारी दाखवा. मात्र पॉलिसी १८७४ च्या विवाहित स्त्री मालमत्ता कायद्याखाली काढली असेल तर ती पत्नी-मुलांचीच राहते, बँकेला तारण देता येत नाही.

नको असेल तर तोंडी नकार पुरत नाही. ‘आयुर्विमा नको, कर्ज रकमेत विम्याचा हप्ता मिळवू नये’ असं मंजुरीपत्राआधी ईमेलने कळवा. १ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ कर्जांसोबत ‘की फॅक्ट्स स्टेटमेंट’, म्हणजे कर्जाच्या मुख्य अटी आणि खर्चांचं पत्रक, द्यावंच लागतं, आणि त्यात विम्याचे पैसे वेगळे दाखवून कर्जाच्या एकूण खर्चाच्या वार्षिक टक्केवारीत (एपीआर) धरावे लागतात. ते पान आधी वाचा. तरीही पैसे कापले गेले तर विमा कागद मिळाल्यापासून ३० दिवसांच्या ‘फ्री लूक’ (पॉलिसी वाचून परत करण्याच्या) मुदतीत रद्द करण्याचा अर्ज विमा कंपनीला द्या आणि प्रत बँकेला पाठवा. परतावा आल्यावर मुद्दल खरोखर कमी झाली का आणि ईएमआय बदलला का, हे खातेउतारा काढून पाहा. हे पाऊल बहुतेक जण विसरतात. दाद मिळाली नाही तर बँकेविरुद्ध रिझर्व्ह बँकेचा लोकपाल आहे. विमा कंपनीविरुद्ध आयआरडीएआयचं ‘बीमा भरोसा’ हे तक्रार पोर्टल आणि त्यानंतर विमा लोकपाल. मुंबई आणि पुणे दोन्हीकडे विमा लोकपालाची कार्यालयं आहेत.

आणि विमा घेतलेला असेल तर प्रमाणपत्र घरातल्या माणसाला दाखवून ठेवा. मृत्यूनंतर दावा मंजूर होईपर्यंत व्याज चालूच राहतं, त्यामुळे तोवरचे हप्ते शक्य असल्यास भरत राहावे लागतात. कर्ज फिटल्यावर बँकेने मूळ कागदपत्रं ३० दिवसांत परत द्यायची असतात. उशीर बँकेमुळे झाला तर दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई आहे. सोसायटीच्या दप्तरी बँकेचा बोजा नोंदलेला असतो, तोही ना-हरकत पत्र देऊन लगेच काढून घ्यावा.