घरगुती मायनिंग मशीन घेताय? आधी करंट मोजा

आंब्याचे पैसे हातात आले की आमच्या देवगड पट्ट्यात विकणाऱ्यांची वर्दळ सुरू होते. विमावाले, खतवाले, पाण्याच्या फिल्टरवाले. गेल्या हंगामानंतर त्यात एकाची भर पडली, घरबसल्या क्रिप्टोचं मायनिंग करणारी, म्हणजे सतत हिशेब करून डिजिटल नाणी (कॉइन) मिळवणारी मशीन विकणारा. त्याने आमच्या घराला एक लाख पंधरा हजारांना बुडवलं. आसपास आणखीही घरं आहेत, पण चार लोक हसतील म्हणून कोणी बोलत नाही. म्हणून लिहितोय.

त्याची हुशारी अशी की तो एक मशीन गळ्यात मारायला आलाच नाही. गाडीतून दोन घेऊन आला आणि म्हणाला, "काका, यातलं तुमच्या घराला कुठलं झेपेल ते आपण बसून बघू." तिथून पुढे सगळी चर्चा "कुठलं" यावरच. घ्यायचं का, हा विषय त्या ओटीवर निघालाच नाही.

पहिलं होतं बिटकॉइनसाठीचं अँटमायनर एस19 प्रो. त्याबद्दल तो जे बोलला ते सगळं खरं होतं, मी नंतर ताडून पाहिलं. हिशेबाचा वेग (हॅशरेट) 110 टेराहॅश, वीज 3250 वॉट. म्हणजे चोवीस तासांत 78 युनिट, महिन्याला 2300 च्या वर. घरगुती मीटरवर हे थेट सगळ्यात महाग स्लॅबमध्ये जातं. आवाज 75 डेसिबल, शेजारी भांडायला येतील. त्यात आपली खारी हवा, पंखे ती दिवसरात्र आत ओढणार, बोर्ड गंजणार. आणि एप्रिल 2024 मध्ये एका ब्लॉकमागचं, म्हणजे व्यवहारांच्या एका गठ्ठ्यामागचं बक्षीस 6.25 बिटकॉइनवरून 3.125 वर आलं, त्यामुळे घरच्या विजेवर हे चालवणं म्हणजे घर जाळून कोळशाचा व्यापार. "मला यात कमिशन जास्त आहे, पण तुमचे शिव्याशाप नकोत," असंही म्हणाला. महागाचं घेऊ नका असं स्वतःहून सांगणाऱ्यावर माणसाचा जो विश्वास बसतो, तोच त्याला हवा होता.

मग दुसरं काढलं. मिठाईच्या खोक्याएवढा काळा डबा, पुढे छोटा स्क्रीन. डोजकॉइन आणि लाइटकॉइनसाठी, 185 मेगाहॅश, 233 वॉट. हे आकडेही हवेतले नव्हते. गोल्डशेलचं मिनी डोज नावाचं खरंखुरं मशीन आहे, त्याचे ते आकडे. आमच्या डब्यावर मात्र कुठल्याच कंपनीचं नाव नव्हतं. "इंपोर्टेड आहे, स्टिकर काढून येतं." अर्धे पैसे युपीआयने, अर्धे रोख. रोखीत दिले की जीएसटी वाचतो म्हणे.

डबा वायफायला जोडला, मोबाईलवर त्याचंच ॲप टाकलं. रोज आकडा वाढायचा. सुरुवातीला दोनदा बँकेत हजार-बाराशे आलेही. पण आले ते कोणा माणसाच्या नावावरून, रुपयात. खरा पूल, म्हणजे अनेकांची मशीन एकत्र जोडून कमाई वाटणारी सेवा, कॉइन देतो, तेही आपण दिलेल्या वॉलेटच्या (कॉइन ठेवायच्या डिजिटल पाकिटाच्या) पत्त्यावर.

जूनमध्ये वाऱ्यापावसाने तारा तुटल्या. रात्रभर लाईट नाही, घरात मेणबत्त्या, आणि ॲपमध्ये कॉइन वाढतायत! फोन केला तर म्हणे, "काका, क्लाउड बॅकअप आहे." मायनिंग म्हणजे चिपने क्षणाक्षणाला हिशेब करत राहणं. वीज नाही तर हिशेब नाही, त्याला कसला बॅकअप?

नंतर बिल आलं. जेमतेम नेहमीएवढंच. आई खूश, "बघ, वीज खातच नाही बिचारं." 233 वॉटचं यंत्र चोवीस तास चाललं तर दिवसाला साडेपाच युनिटच्या वर, महिन्याला 165 च्या पुढे जायलाच हवं. पुढे ॲपमधून मोठी रक्कम काढायला गेलो तर मेसेज आला: आधी 30 टक्के कर भरा, मग पैसे सुटतील.

तेव्हा आमच्या वायरमनला बोलावलं. त्याने एक्स्टेन्शनची वायर सोलून फेजची एकच तार वेगळी काढली आणि तिला क्लॅम्प मीटर लावला. 233 वॉटला साधारण एक अँपिअर दिसायला हवा. मीटरवर 0.05. त्याने मीटर झटकला, परत लावला, तेवढंच. म्हणाला, "दादानू, ह्यो डबो करंटच घेणा नाय." चार स्क्रू काढले. आत एक पंखा, स्क्रीन चालवणारं बोटभर सर्किट आणि वजनासाठी खाली चिकटवलेली लोखंडी पट्टी. बस्स.

कराचं म्हणाल तर 1 एप्रिल 2022 पासून क्रिप्टोच्या नफ्यावर 30 टक्के कर आहे हे खरं, पण तो आयकर खात्याकडे आपण भरायचा. मशीन विकणाऱ्याच्या खात्यात नाही. "पैसे सोडवायला आधी पैसे" असं कोणी म्हटलं की तिथेच थांबा.

डबा खरा असला तरी त्याच्या स्क्रीनवर जाऊ नका. फर्मवेअर (मशीनच्या आतलं सॉफ्टवेअर) बदलून हवा तो हॅशरेट दाखवता येतो. पूलवर खातं स्वतः उघडा, वॉलेटचा पत्ता स्वतः घाला, आणि पूलच्या साइटवर किती दिसतंय ते बघा. सिरीयल नंबर असलेलं जीएसटी बिल मागा. मागे गेनबिटकॉइन नावाच्या फसव्या योजनेवाल्यांनी महिन्याला 10 टक्क्यांची आशा दाखवली होती आणि त्याचा सूत्रधार 2018 मध्ये पुणे पोलिसांच्या हाती लागला, पण त्यात लोकांच्या घरात काही नव्हतं. आता घरात डबा ठेवतात, पंखा फिरताना दिसतो, म्हणून माणूस निर्धास्त होतो.

आम्ही सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर तक्रार केली. युपीआयने गेलेल्यातली काही रक्कम गोठवली गेली आहे, हातात अजून आलेली नाही. रोखीचा कागदच नाही.

आता ऐकतो की वेंगुर्ल्याकडे कोणी सोलरसकट मशीन देतोय, "लाईट बिलाचा प्रश्नच नाही" म्हणून. एक किलोवॉटचं पॅनल चांगल्या उन्हात दिवसाला चारेक युनिट देतं. अँटमायनरच्या रोजच्या 78 युनिटसाठी वीस किलोवॉट लागतील, आणि पावसाळ्यात तेवढ्यानेही भागणार नाही. तो छपरावर किती पॅनल लावतोय, ते आधी मोजा.