आयर्न साइट की रेड डॉट: पोलिसांच्या पिस्तुलावर काय असावं?

ज्या दलात वर्षातून एकदाच गोळीबाराच्या रेंजवर जाणं होतं आणि तेही रजिस्टरात नोंद व्हावी म्हणून, तिथे रेड डॉट, म्हणजे काचेत दिसणाऱ्या ठिपक्याने नेम धरायची बॅटरीवरची साइट, घेऊ नये. आयर्न साइट, म्हणजे पिस्तुलावरची नेम धरायची साधी खाच आणि टोक, दुर्लक्ष सहन करते, रेड डॉट करत नाही. खरा प्रश्न वस्तू विकत घेण्याचा नाहीच. पुढची पाच वर्षं सराव, बॅटऱ्या आणि आर्मोररचा (हत्यारं दुरुस्त करणाऱ्याचा) वेळ कोण देणार, हे आधी ठरवावं लागतं.

एक गैरसमज आधीच काढून टाकू. रेड डॉट म्हणजे लेझर नव्हे. लेझरचा ठिपका समोरच्याच्या अंगावर पडतो. रेड डॉटमध्ये छोट्या एलईडीचा प्रकाश काचेवरच्या लेपावरून परतून नेम धरणाऱ्याच्या डोळ्यात येतो, त्यामुळे ठिपका फक्त त्यालाच दिसतो.

नजर कुठे राहते

आयर्न साइटमध्ये मागच्या बॅकसाइटची खाच, पुढच्या फोरसाइटचं टोक आणि लक्ष्य या तीन गोष्टी तीन अंतरांवर असतात आणि डोळा एका वेळी एकीवरच स्थिरावतो. शिकवण असते फोरसाइट स्पष्ट पाहण्याची. पण समोरच्याच्या हातात चाकू आहे की मोबाइल, हे ठरवायचं असतं तेव्हा नजर त्या हातावरच जाते आणि फोरसाइट धूसर होते. रेड डॉटमध्ये नजर लक्ष्यावरच राहते, दोन्ही डोळे उघडे ठेवता येतात. चाळिशी लागलेल्या, जवळचं धूसर दिसणाऱ्या अंमलदारांना हा फरक पहिल्याच दिवशी जाणवतो.

अचूकतेचं गणितही सोपं आहे. दोन्ही साइटमधलं अंतर 165 मिमी असेल आणि फोरसाइट खाचेत 1 मिमी सरकली, तर 15 मीटरवर गोळी सुमारे 9 सेंमी बाजूला जाते. रेड डॉटमध्ये ठिपका काचेच्या कोपऱ्यात असला तरी गोळी जवळपास त्या ठिपक्यावरच लागते. म्हणून 15 ते 25 मीटरवर डॉट स्पष्टपणे सरस. 3 ते 5 मीटरवर मात्र फायदा नगण्य, आणि नवशिक्या तिथे उलट हळू पडतो.

तो हळू पडतो ते ठिपका सापडत नाही म्हणून. नळीचं तोंड वर राहिलं तर फोरसाइट निदान दिसते आणि चूक सुधारता येते. डॉटची काच अशा वेळी रिकामीच असते. मग मान हलवून ठिपका शोधला जातो, आणि ही सवय एकदा लागली की मोडणं कठीण. उपाय म्हणजे पिस्तूल छातीसमोरून सरळ रेषेत डोळ्यासमोर आणणं. रिकाम्या पिस्तुलाची ड्राय प्रॅक्टिस रोज दहा मिनिटं, काही आठवडे, आणि त्याआधी रेंजवर किमान दोन पूर्ण दिवस. ठिपका हातांची थरथर दाखवतो. ती आधीही होतीच, दिसत नव्हती. तो स्थिर होण्याची वाट पाहून ‘आत्ता!’ म्हणत ट्रिगर ओढला की गोळी खाली जाते.

ठिपका स्वल्पविरामासारखा दिसतो अशी तक्रार आली, तर आधी मोबाइलच्या कॅमेऱ्यातून पाहा. तिथे गोल दिसला तर दोष साइटचा नाही, बहुधा डोळ्यातल्या अस्टिग्मॅटिझमचा (वक्रतेतल्या दोषाचा) आहे. ब्राइटनेस कमी केल्यावर बरंच निभावतं.

उघडी की बंद

डॉट घ्यायचा ठरलाच, तर खरी निवड इथे आहे. उघड्या प्रकारात, उदाहरणार्थ ट्रिजिकॉन आरएमआरमध्ये, एलईडी उघड्यावर असतो. त्यावर पावसाचा एक थेंब बसला की ठिपका फुटतो, किंवा सगळी काच लाल होते. बंद प्रकारात, जसं एमपॉइंट अॅक्रो पी-2, एलईडी दोन काचांच्या मध्ये सीलबंद असतो. पाणी बाहेरच्या काचेवर बसतं, ठिपका शाबूत राहतो. अॅक्रोचं वजन सुमारे 60 ग्रॅम, आरएमआरच्या जवळपास दुप्पट, आणि खिडकीही लहान. आरएमआरची बॅटरी तळाशी असल्याने ती बदलायला साइट उतरवावी लागते आणि झिरो, म्हणजे ठिपका आणि गोळीचा जुळवलेला मेळ, पुन्हा तपासावा लागतो. अॅक्रोची बाजूच्या झाकणातून निघते. गणवेशातल्या, उन्हापावसात उभं राहणाऱ्या अंमलदारासाठी बंदच घ्यावी. साध्या कपड्यात, शर्टाखाली पिस्तूल बाळगणाऱ्याला उघडी चालेल, ती वजनाला हलकी असते.

एसी गाडीतून दमट हवेत उतरलं की दोन्हींच्या काचेवर बाष्प धरतं. अँटी-फॉग लावावं, आणि काच झाकली गेली तरी दोन्ही डोळे उघडे ठेवून मारायचा सराव करावा: एक डोळा ठिपका पाहतो, दुसरा लक्ष्य, आणि मेंदू दोन्ही जुळवतो. अंधारात ब्राइटनेस ‘ऑटो’वर ठेवू नये. साइट अंधारात आणि टॉर्चचा झोत लक्ष्यावर, अशा वेळी ऑटो ठिपका मंद करतो आणि तो त्या उजेडात हरवतो.

बसवताना

बिघाड बहुतेक वेळा काचेत नसतो, स्क्रूत असतो. स्क्रू आणि छिद्रं अल्कोहोलने तेलमुक्त करा, निळं थ्रेडलॉकर (स्क्रू सैल होऊ न देणारा द्रव) लावा आणि कंपनीने सांगितलेल्या टॉर्कवरच, म्हणजे पिळण्याच्या जोरावरच, थांबा. आरएमआरला तो 12 इंच-पाउंड, म्हणजे जेमतेम 1.4 न्यूटन-मीटर, अंदाजाने पिळलं की आटे जातात. मग स्क्रू आणि साइटवर मिळून रंगाची एक रेघ ओढा. रेघ तुटलेली दिसली की स्क्रू फिरलाय. ग्लॉक पिस्तुलावर लांब स्क्रू वापरला तर तो एक्स्ट्रॅक्टरच्या (रिकामी पुंगळी बाहेर ओढणाऱ्या भागाच्या) दांडीला अडतो आणि पुंगळ्या अडकू लागतात. दोष काडतुसांना दिला जातो!

होल्स्टर जुनं चालत नाही. साइटसाठी जागा आणि वर झाकण असलेलं लागतं. हा खर्च अंदाजपत्रकात हमखास राहून जातो.

डॉट बसवला तरी आयर्न साइट काढू नका. काचेतून खालच्या एक तृतीयांश भागात दिसतील इतक्या उंच घ्या. झिरोइंग 25 मीटरवर केलं तर ठिपका नळीपेक्षा वर असल्याने 3 मीटरवर गोळी साधारण 2 सेंमी खाली लागते, हे प्रत्येकाला कागदी लक्ष्यावर दाखवावं. बॅटरीवर कितीही हजार तास लिहिलेले असोत, सगळ्यांची वर्षातून एकदा ठरलेल्या तारखेला बदला. आणि हत्यार ताब्यात घेताना रोज तीन गोष्टी: ठिपका पेटतो का, काच पुसलेली आहे का, रेघ जुळते का.