गरोदरपणातला रक्तदाब: युरिक ॲसिड की एसएफएलटी-१/पीएलजीएफ गुणोत्तर?

युरिक ॲसिड स्वस्त, कुठल्याही लॅबमध्ये होते. प्रीएक्लॅम्प्सियात (गरोदरपणात रक्तदाब वाढून अवयवांवर परिणाम करणारा आजार) मूत्रपिंड ते कमी बाहेर टाकते, म्हणून वाढते. पण शेवटच्या तिमाहीत ते एरवीही चढते. एकट्या आकड्यावर निर्णय घेऊ नये.

एसएफएलटी-१ आणि पीएलजीएफ ही वारेतून रक्तात येणारी दोन प्रथिने. त्यांचे गुणोत्तर थेट वारेचा बिघाड दाखवते: एसएफएलटी-१ वाढते, पीएलजीएफ घटते. २४ आठवड्यांपासून ३६ आठवडे ६ दिवसांपर्यंत, प्रीएक्लॅम्प्सियाचा संशय असेल तेव्हा ते ३८ किंवा कमी आले, तर पुढच्या आठवड्यात आजार उद्भवण्याची शक्यता फार कमी. गोव्यात काणकोण किंवा सत्तरीहून बांबोळीच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात आलेल्या बाईला भरती करायचे की घरी पाठवायचे, तिथे खरा उपयोग. ३८च्या वर म्हणजे निदान नव्हे. २०१६च्या प्रॉग्नोसिस अभ्यासात अशांपैकी ३६.७ टक्के स्त्रियांनाच चार आठवड्यांत आजार झाला. एका कंपनीच्या मशीनची मर्यादा दुसरीला लावू नका, घोळ बहुधा इथेच होतो.

आणि दाब १६०/११० असेल, डोके ठणकत असेल, डोळ्यांपुढे काजवे चमकत असतील किंवा उजव्या बरगडीखाली दुखत असेल, तर रिपोर्ट कितीही चांगला असो, घरी पाठवायचे नाही. क्रिएटिनिन, प्लेटलेट आणि यकृताच्या तपासण्या दोन्ही पर्यायांत लागतातच.