क्रूझवरून फिरायला उतरताना वेगळा कॅमेरा न्यावा का? नऊ महिने वापरल्यावरचा अनुभव

मागच्या दिवाळीच्या आधी बोरा बझारातून छोटा डिजिटल कॅमेरा घेतला. एक इंच सेन्सर, 20 मेगापिक्सेल, 24 ते 200 एमएम झूम, वजन 300 ग्रॅमच्या आसपास, शर्टाच्या खिशात नाही पण पँटच्या खिशात जातो. मॉडेल लिहीत नाही, कारण जे सांगतोय ते बरंचसं ह्या जातीच्या कॅमेऱ्यांना लागू आहे. घ्यायचं कारण म्हणजे आई-बाबांना क्रूझवर न्यायचं होतं. बाबांनी तीस वर्षं इंदिरा डॉकमध्ये क्रेन चालवली, हजारो जहाजं भरली आणि रिकामी केली, पण स्वतः पॅसेंजर म्हणून कधी बसले नव्हते. घरात सगळे म्हणत होते फोन आहे की चांगला, कशाला पैसे घालतोस. आता दोन क्रूझ झाल्या, एक गोव्याची आणि एक कोची-लक्षद्वीपची, त्यामुळे खात्रीने सांगू शकतो.

पहिली गोष्ट उन्हाची. जहाज सकाळी लागतं, बस निघेपर्यंत दहा वाजतात आणि तीन-चारला परत चढायचं असतं, म्हणजे फिरणं सगळं भर दुपारच्या उन्हात. अशा उन्हात फोनच्या स्क्रीनवर काही म्हणजे काही दिसत नाही, आपण अंदाजाने बोट दाबत राहतो. ह्या कॅमेऱ्याला डोळा लावून बघायचा व्ह्यूफाइंडर आहे आणि माझ्या मते पैसे वसूल झाले ते तिथेच. जुन्या गोव्यात बॉम जेझस चर्चचा दर्शनी भाग उघड्या जांभ्याचा आहे, गिलावा नाही, आपल्या कोकणातल्या घराच्या जोत्यासारखा लाल. फोनमध्ये तो फिका गुलाबी आला, कॅमेऱ्यात एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा उजेड, थोडं खाली ओढल्यावर खरा जांभा दिसला, भोकंभोकंसुद्धा. लक्षद्वीपातल्या अगत्ती बेटावर बरोबर उलटं करावं लागतं. पांढऱ्या वाळूला कॅमेरा फसतो आणि फोटो करडा काढतो, तिथे एक्स्पोजर वर न्यायचं.

झूमचं म्हणाल तर फोर्ट कोचीची चिनी जाळी. सगळे त्या जाळ्यांचाच फोटो काढतात, पण खरी गंमत मागे असते, दोरांना मोठमोठे दगड बांधलेत आणि त्या दगडांच्या वजनावर ते अख्खं जाळं वरखाली होतं. 200 एमएमवर ते दगड आणि दोर ओढणारे हात असे आलेत की बाबा ते फोटो पुन्हा पुन्हा मागून बघतात, म्हणतात ही पण क्रेनच आहे रे. आपल्याला कुणाच्या तोंडापुढे कॅमेरा धरावा लागत नाही, काम करणाऱ्याला त्रास नाही. तिथल्याच सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये, जिथे 1524 साली वास्को द गामाला पुरलं होतं (नंतर अवशेष पोर्तुगालला नेले), दोरीने ओढायचे जुने कापडी पंखे टांगलेत. आत अंधार असतो आणि झूम केला की लेन्स कमी उजेड घेते, म्हणून आत झूमला हात लावू नका, फ्लॅश बंद ठेवा, कोपर बाकावर टेकवा आणि श्वास रोखून क्लिक करा.

आता जिथे मी चुकलो ते. अगत्तीला मोठं जहाज धक्क्याला लागत नाही, बाहेर थांबतं आणि छोट्या बोटीतून नेतात. रात्रभर कॅमेरा केबिनच्या एसीमध्ये गार पडलेला, तसाच उचलून बाहेर आलो आणि लेन्सवर वाफ धरली. गार काचेला बाहेरची दमट हवा लागली की पाणी जमणारच, मला कळायला हवं होतं. पुसलं तर परत तेच. आई त्या हलत्या बोटीत खलाशाचा हात धरून उतरली, घाबरलेली आणि हसत होती, आणि माझ्याकडे त्याचा एकही धड फोटो नाही, सगळे धुक्यातले. अजून वाईट वाटतं. तेव्हापासून कॅमेरा झिपच्या पिशवीत बंद करून अर्धा तास आधीच बाहेर नेऊन ठेवतो आणि बाहेरच्या हवेइतका झाल्याशिवाय पिशवी उघडत नाही. एकदाही त्रास नाही.

दुसरं खारं पाणी. हा कॅमेरा वॉटरप्रूफ नाही. एका संध्याकाळी दमून न पुसता ठेवला तर दुसऱ्या दिवशी लेन्स बाहेर येताना करकर आवाज, मुंबईत येऊन फोर्टात साफ करून घ्यावा लागला. गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या मऊ कापडाने रोज रात्री पुसा, मग कोरड्याने, लेन्सला मात्र वेगळं कापड.

बॅटरी हा ह्याचा खरा दोष. कंपनी 260 फोटो म्हणते, व्हिडिओ आणि झूम धरून माझे पावणेदोनशेला लाल दिवा लागतो. एक जास्तीची हवीच, दोन असल्या तर उत्तम. चार्जिंगला म्हणून नेलेला एक्स्टेंशन बोर्ड चढतानाच सिक्युरिटीने ठेवून घेतला, त्यामुळे दोन-तीन यूएसबीचा चार्जर न्या. आणि एक सवय लावून घ्या, उतरताना पहिला फोटो परत चढायच्या वेळेच्या बोर्डाचा आणि दुसरा आपल्या बसच्या नंबरचा. कोचीला सगळ्या बसेस सारख्याच दिसत होत्या, आईचे पाय दुखत होते, तो नंबरचा फोटो तेव्हा कामाला आला.

बंदरात, गेटवर आणि नेव्हीच्या हद्दीत कॅमेरा पिशवीत ठेवा, मुंबई सोडतानाही. बाबांनीच मला दटावलं होतं. पण कुलाब्याच्या टोकाशी प्रॉंग्सचं दीपगृह येतं, 1875 चं, बाबा त्याची वाट बघत रेलिंगला उभे होते. दिवा दिसला तसा त्यांनी न बोलता हात वर केला. अंधार पडत होता, फोटोत कणकण आलेत, थोडा हललाही आहे. तोच मोठा करून लालबागच्या घरात लावलाय.

ऑक्टोबरनंतर परत अगत्तीचं बघतोय, तिसरी बॅटरी घेऊन ठेवली आहे. आईला त्या बोटीत पुन्हा उतरायचंय.