फायब्रॉइडची गाठ: दुर्बीण, एम्बोलायझेशन की अल्ट्रासाउंड, कशात काय धोका?

गर्भाशयाची पिशवी न काढता फायब्रॉइडवर, म्हणजे गर्भाशयातल्या कॅन्सर नसलेल्या गाठीवर, इलाज करायचा म्हटलं की "छोटंसं छिद्र, दोन दिवसांत घरी" हेच आधी ऐकायला मिळतं. छिद्र छोटं असतं हे खरंय, पण प्रत्येक पद्धतीचा धोका वेगळ्या वेळी समोर येतो, त्यामुळे घाईत होकार देऊ नका.

दुर्बिणीने गाठ काढताना, म्हणजे लॅप्रोस्कोपिक मायोमेक्टॉमीत, मोठा धोका ऑपरेशन टेबलवरच असतो. रक्तस्त्राव जास्त होऊन रक्त चढवावं लागू शकतं, आतडं, मूत्राशय किंवा मूत्रनलिकेला इजा होऊ शकते आणि कधीकधी पोट उघडावंच लागतं. हिमोग्लोबिन आधीच कमी असेल तर ते वाढवूनच ऑपरेशनला जा. पुढे दिवस राहिले तर टाक्यांच्या जागी गर्भाशय फाटायची भीती असते, प्रमाण १ टक्क्याच्या आत आहे पण झालं तर आई आणि बाळ दोघांच्या जिवावर बेततं, म्हणून भिंतीत खोल शिरलेली गाठ काढली असेल तर बरेच डॉक्टर ठरवून सिझेरियनच करा म्हणतात. आणि गाठ बाहेर काढायला तिचे तुकडे कसे करणार हे नक्की विचारा! २०१४ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (औषधं-उपकरणांवर नजर ठेवणारी सरकारी संस्था) गाठीचे तुकडे करणाऱ्या मॉर्सेलेटर मशीनबद्दल इशारा दिला होता, कारण गाठीत कॅन्सर लपलेला असेल तर तो पोटभर पसरू शकतो, आणि फायब्रॉइड समजून ऑपरेशन झालेल्या साधारण ३५० बायकांत एकीला असा कॅन्सर निघतो असा त्यांचा तेव्हाचा अंदाज होता. वय पन्नाशीच्या आसपास असेल तर हा प्रश्न टाळूच नका.

गाठ पिशवीच्या आतल्या पोकळीत असेल तर हिस्टेरोस्कोपी करतात, म्हणजे योनीमार्गातून दुर्बीण घालून गाठ काढतात, पोटावर टाका नाही. पण पिशवी फुगवायला सोडलेलं पाणी रक्तात जास्त शोषलं गेलं तर सोडियम घसरतं, फुफ्फुसात पाणी होऊ शकतं, शिवाय पिशवीला भोक पडणं किंवा आतून चिकटणं हेही होतं.

एम्बोलायझेशनमध्ये टेबलवरचा धोका कमी, त्रास नंतर. जांघेतून किंवा मनगटातून कॅथेटर घालून गाठीचं रक्त बंद करतात, त्या रात्री कळा भयंकर येतात, मग काही दिवस ताप, मळमळ. एवढं अपेक्षितच आहे, पण काही आठवड्यांनी ताप चढला आणि अंगावरून घाण वासाचं जायला लागलं तर थांबायचं नाही, लगेच हॉस्पिटल, कारण इन्फेक्शन हाताबाहेर गेलं तर पिशवीच काढावी लागते. पंचेचाळिशीनंतर केलं तर पाळी कायमची जायची शक्यताही वाढते. ब्रिटनमध्ये एम्बोलायझेशन आणि सर्जरीची तुलना करणाऱ्या रेस्ट ट्रायल या अभ्यासात ५ वर्षांत एम्बोलायझेशनवाल्या ३२ टक्के बायकांना पुन्हा काहीतरी प्रोसिजर लागली, सर्जरीवाल्या ४ टक्केच, अर्थात सर्जरीवाल्यांतल्या बहुतेकींची पिशवीच काढली होती. मूल हवं असेल तर माझं मत आधी मायोमेक्टॉमीचा विचार करा. मूल नको आणि भूल देणं जोखमीचं असेल तर एम्बोलायझेशन नक्की विचारात घ्या.

फोकस्ड अल्ट्रासाउंडमध्ये बाहेरून सोडलेल्या ध्वनिलहरींच्या उष्णतेने गाठ जाळतात, चिरा अजिबात नाही, पण कातडी भाजू शकते, पायाच्या नसेला त्रास होऊ शकतो, आणि गाठ परत वाढली तर पुन्हा इलाज आलाच. यात आणि एम्बोलायझेशनमध्ये गाठ पोटातच राहते, तपासायला लॅबमध्ये जात नाही, म्हणून दोन्हींच्या आधी चांगला एमआरआय करून घ्या आणि गाठ एकदम वाढली असेल किंवा पाळी गेल्यावरही वाढत असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा.