ऐनवेळी बदली शिक्षक पुरवणारी लातुरातील सेवा : एका नोंदणीकृत शिक्षकाचा अभिप्राय

लातूर शहरातील स्वयंअर्थसहाय्यित शाळांना आयत्या वेळी शिक्षक पुरवणाऱ्या एका खासगी सेवेविषयी हे लिहीत आहे. अनुदानित माध्यमिक शाळेतून विज्ञान शिक्षक म्हणून निवृत्त झाल्यानंतर मी तिच्याकडे नाव नोंदवले आणि तिच्यामार्फत औसा रोड, अंबाजोगाई रोड व बार्शी रोड परिसरातील निरनिराळ्या शाळांत गैरहजर शिक्षकांच्या जागी बदली तास घेतले. माझा रोख कामाच्या पद्धतीवर असल्याने सेवेचे किंवा कोणत्याही शाळेचे नाव येथे दिलेले नाही. शहरात अशा सेवा मोजक्याच आहेत, त्यामुळे नोंदणीच्या विचारात असलेल्या शिक्षकांना आणि सेवा घेणाऱ्या मुख्याध्यापकांना ती ओळखता येईल.

अशा सेवेची गरज का पडते, हे लातूरकरांना फारसे समजावून सांगावे लागत नाही. येथे शिकवणी वर्गांचा पसारा एवढा मोठा आहे की भौतिकशास्त्र किंवा गणित बरे शिकवणारा शिक्षक सत्राच्या मध्येच शाळा सोडून क्लासकडे जातो आणि मुख्याध्यापकांच्या हाती राजीनाम्याचा कागद व रिकामा वर्ग एवढेच उरते. अनुदानित शाळेत कोणी रजेवर गेले की पर्यवेक्षक बदली रजिस्टर उघडतात आणि ज्याचा तास मोकळा आहे त्याला पाठवतात. छोट्या विनाअनुदानित शाळेत मोकळा तास असलेला शिक्षक शोधूनही सापडत नाही, कारण तेथे प्रत्येकाचे वेळापत्रक काठोकाठ भरलेले असते. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ ने दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक ही कामे शिक्षकांकडून करून घेण्यास वाव ठेवला आहे, त्यामुळे २० नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा मतदानासारख्या प्रसंगी शाळांतील शिक्षक प्रशिक्षणासाठी आणि प्रत्यक्ष कामासाठी बाहेर जातात. त्यापाठोपाठ बोर्डाच्या परीक्षा येतात. २०२५ मध्ये बारावीची परीक्षा ११ फेब्रुवारीला आणि दहावीची २१ फेब्रुवारीला सुरू झाली; या काळात पर्यवेक्षण आणि नंतर उत्तरपत्रिका तपासणी यांमुळे खालच्या वर्गांचे तास मोकळे पडतात. सेवेकडे सर्वाधिक मागणी याच सुमारास असते.

नोंदणीची पद्धत काटेकोर आहे आणि ही तिची सर्वांत जमेची बाजू मानावी लागेल. बी.एड.चे प्रमाणपत्र, असल्यास शिक्षक पात्रता परीक्षेचा (टीईटी) निकाल, पूर्वीच्या शाळेचा अनुभव दाखला आणि पोलीस ठाण्याकडील चारित्र्य पडताळणी असल्याशिवाय नाव यादीत चढत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतील मुलींवरील अत्याचाराच्या घटनेनंतर राज्य शासनाने शाळांतील कर्मचाऱ्यांच्या पडताळणीचे आदेश काढले. या सेवेत ही अट त्याआधीपासून होती, असे जुने सदस्य सांगतात. सोबत एक सूचनापत्र दिले जाते. विद्यार्थ्याला शारीरिक शिक्षा करू नये, मानसिक त्रास होईल असे बोलू नये, विद्यार्थ्यांची छायाचित्रे काढू नयेत, कोणालाही वर्गाबाहेर एकटे थांबवू नये, गुण देऊ नयेत, अशा त्यातील सूचना स्पष्ट आणि रास्त आहेत. निवृत्त शिक्षकांपैकी काहींना पहिली सूचना वाचून अपमान वाटतो, असे माझ्या कानावर आले. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने जे निषिद्ध ठरवले आहे ते लिहून दिल्याने कोणाचा मान कमी होत नाही.

कामाचा निरोप साधारणपणे सकाळी साडेसहाच्या आसपास येतो. समन्वय पाहणाऱ्या ताई स्वतः फोन करतात आणि ‘सर, सकाळची शाळा आहे, जमेल का?’ असे विचारतात. नाही म्हटल्यास आग्रह करीत नाहीत आणि पुढच्या वेळी यादीतून वगळतही नाहीत. होकार दिल्यावर शाळेचा पत्ता, मुख्याध्यापकांचा क्रमांक आणि पोहोचण्याची वेळ व्हॉट्सअ‍ॅपवर येते. गंजगोलाईच्या बाजूने जाताना त्या वेळी कुठे गर्दी लागेल आणि ऑटो कुठे मिळेल, इथपर्यंत त्या सांगतात. शाळेत पोहोचल्यावर प्रवेशद्वारावर अडवणूक होत नाही, कारण आपले ओळखपत्र आधीच कार्यालयात गेलेले असते. माणूस वेळेवर वर्गाच्या दारापर्यंत नेऊन सोडण्याच्या या व्यवस्थेत मला दोष काढता येत नाही.

अडचण त्या दारातून आत गेल्यावर सुरू होते. यंदाच्या जूनपर्यंत निरोपात ‘नववी, विज्ञान, पहिले तीन तास’ एवढेच लिहिलेले असे. शाळा राज्य मंडळाची आहे की सीबीएसईची, माध्यम मराठी की सेमी इंग्रजी, कोणता पाठ चालू आहे आणि तो कुठे थांबला आहे, यांपैकी काहीही त्यात नसे. हा तपशील क्षुल्लक वाटणाऱ्यांसाठी एक उदाहरण देतो. मी ज्या काळात हे तास घेतले, तेव्हा राज्य मंडळाच्या पुस्तकात गुरुत्वाकर्षण दहावीला पहिल्याच पाठात होते आणि सीबीएसई शाळांत चालणाऱ्या एनसीईआरटीच्या पुस्तकात ते नववीला होते. उलट ओहमचा नियम राज्य मंडळाच्या नववीत ‘धाराविद्युत’ या पाठात येतो, तर एनसीईआरटीत त्यासाठी दहावीची वाट पाहावी लागते. म्हणजे घरून नववीची म्हणून केलेली तयारी शाळेच्या पाटीवरील मंडळाचे नाव वाचताक्षणी निरुपयोगी ठरू शकते. अनुभवी शिक्षक फळ्यासमोर उभ्या उभ्या दुसरा पाठ रचतो, हे खरे. परंतु नुकतीच बी.एड. झालेली मुलगी पहिल्याच बदली तासाला या प्रसंगात सापडली तर चाळीस मुलांपुढे तिची काय अवस्था होत असेल, याचा विचार सेवेने केलेला दिसत नाही.

मुले अशा वेळी फार चटकन अंदाज घेतात. ‘सर, तुम्ही किती दिवस आहात?’ हा पहिला प्रश्न असतो आणि त्याच्या उत्तरावर त्या तासाचे भवितव्य ठरते. ‘आजच्यापुरता’ असे उत्तर मिळाले की मागच्या बाकांवरून मैदानावर सोडण्याची मागणी येते. पाठ कुठे थांबला आहे असे मुलांनाच विचारावे, तर पुढची मुले एक पान सांगतात, मागची दुसरे, आणि एखादा ‘तो पाठ झाला, सर’ असे न झालेल्या पाठाविषयी ठामपणे सांगतो. पस्तीस मिनिटांच्या तासातील पहिली दहा मिनिटे या चौकशीत जातात. शाळेला तो तास भरला म्हणून समाधान असते, सेवेला बिल करता येते, आणि मुलांच्या पदरात पंचवीस मिनिटे पडतात, तीही शिक्षकाच्या वकुबावर अवलंबून.

यावरचा उपाय प्रत्येक शाळेच्या कपाटात पडून आहे. रजेवर गेलेल्या शिक्षकाची टाचणवही, म्हणजे पाठांच्या पूर्वनियोजनाची वही. तिच्यातील चालू आठवड्याच्या पानाचा फोटो मुख्याध्यापकांनी निरोपासोबत पाठवला, तर बदली शिक्षकाला ऑटोत बसल्या बसल्या घटक, उद्दिष्ट आणि गृहपाठ कळेल. पुस्तक जवळ नसेल तर बालभारती आणि एनसीईआरटी या दोन्ही संस्थांची पाठ्यपुस्तके त्यांच्या संकेतस्थळांवरून विनामूल्य उतरवून घेता येतात आणि त्यांतील क्यूआर कोडवरून ‘दीक्षा’ या शासकीय शैक्षणिक ॲपवरील साहित्यही उघडते. सेवेने मागणी नोंदवताना शाळेकडून मंडळ, माध्यम, पाठ आणि टाचणाचे पान या चार गोष्टी सक्तीने घेतल्या, तर तिचा खर्च एका रुपयानेही वाढणार नाही. मी ही सूचना केली तेव्हा ‘शाळा एवढे पाठवायला तयार होत नाहीत’ असे उत्तर मिळाले. काही शाळांत टाचणवही तपासणीच्या आदल्या दिवशी एका बैठकीत लिहिली जाते, हे माहीत असल्याने त्या उत्तरात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. तथापि विचारल्याशिवाय कोण पाठवणार आहे?

या उणिवेची भरपाई म्हणून सेवा एक ‘आपत्कालीन संच’ देते. इयत्ता पाचवी ते नववीसाठी छापील सरावपत्रिकांचा हा गठ्ठा असतो. मराठी व्याकरणाच्या पत्रिका चांगल्या आहेत. समास आणि प्रयोग यांवरील पत्रिका मी स्वतः वापरल्या आणि सातवी-आठवीच्या मुलांनी त्या रस घेऊन सोडवल्या. गणिताच्या पत्रिका मात्र कोठून तरी उचललेल्या दिसतात. एका उदाहरणात सफरचंदांची किंमत डॉलरमध्ये आहे आणि दुसऱ्यात घराबाहेर साचलेला बर्फ फावड्याने उपसायचा आहे. लातूरच्या मुलांना बर्फ ठाऊक आहे तो लग्नातल्या सरबताच्या पिंपातला, त्यामुळे त्या उदाहरणावर वर्गात हशा पिकला आणि उदाहरण तसेच राहिले. विज्ञानाच्या पत्रिका बहुतांशी रिकाम्या जागा भरण्याच्या आहेत आणि हुशार मुले त्या दहा मिनिटांत संपवतात. मी हा संच पिशवीत ठेवतो, परंतु त्यासोबत एक भिंग, दोन आरशाचे तुकडे, चुंबक आणि लिटमस कागद नेतो. दोन आरसे वेगवेगळ्या कोनांत धरून मध्ये ठेवलेल्या खडूच्या प्रतिमा मोजायला लावल्या, की मंडळ कोणतेही असो, तास शिस्तीत पार पडतो.

मानधनाबाबत समाधानकारक लिहिणे कठीण आहे. दर दिवसाला ठरलेला आहे, त्यातून सेवा पाचवा हिस्सा कापून घेते आणि ही कपात नोंदणीच्या वेळीच सांगितली जाते. येथपर्यंत तक्रार नाही. परंतु शाळेकडून पैसे आल्यावरच शिक्षकाला द्यायचे, असा सेवेचा नियम असल्याने दिवाळीपूर्वीच्या कामाचे पैसे नाताळाच्या सुमारास जमा झाल्याचे मी अनुभवले आहे. निवृत्तिवेतन असलेल्याला हे चालून जाते. ज्या तरुणांना महिन्याचे घरभाडे द्यायचे आहे, त्यांनी या उत्पन्नावर विसंबू नये. तुलनेसाठी सांगायचे तर राज्य शासनाने जुलै २०२३ मध्ये जिल्हा परिषद शाळांतील रिक्त जागांवर निवृत्त शिक्षकांना कंत्राटी पद्धतीने घेण्याचा निर्णय केला, तेव्हा दरमहा २०,००० रुपये मानधन आणि कमाल ७० वर्षे वय अशी अट होती. तेथे निदान महिना मोजला जात होता. येथे दिवस मोजला जातो आणि तोही दारातून परत फिरावे लागले तर मोजला जात नाही. सकाळी निघून शाळेपर्यंत गेल्यावर ‘मॅडम आल्या, आता गरज नाही’ असे सांगितले गेल्यास ऑटोभाडेसुद्धा पदरचे पडते. निलंगा किंवा उदगीरसारख्या ठिकाणाहून येणाऱ्या सदस्यांसाठी हा नियम सरळसरळ अन्यायकारक आहे.

मुख्याध्यापकांनी ही सेवा अवश्य वापरावी, कारण पडताळणी झालेला माणूस तासाभरात मिळण्याची दुसरी सोय शहरात मला ठाऊक नाही. मात्र टाचणाचे पान स्वतःहून पाठवावे. निवृत्त शिक्षकांनी, विशेषतः विज्ञान आणि गणिताच्या, नोंदणी करायला हरकत नाही. नवख्यांनी आधी एखाद्या अनुभवी शिक्षकासोबत काही तास वर्गात मागे बसून पाहावेत आणि मगच एकट्याने जावे. पाचपैकी गुण द्यायचे तर माणूस पोहोचवण्याला चार, संचाला दोन आणि पैशांच्या व्यवहाराला दोन देईन.

यंदा जूनमध्ये नोंदणीचे नूतनीकरण करताना मी दोन मागण्या लेखी दिल्या : निरोपात मंडळ आणि पाठाचे नाव असावे, आणि शाळेच्या दारातून परत पाठवल्यास निम्म्या दिवसाचे मानधन मिळावे. पहिली मागणी मान्य झाली असून आता येणाऱ्या निरोपांत मंडळाचा उल्लेख असतो, पाठाचा कधी असतो, कधी नसतो. दुसरीवर ‘विचार करून कळवतो’ असे उत्तर आले आहे.