कुळागर कुठे घ्यावं: दरवाजांच्या धरणाखाली की सांडणाऱ्या?

आमच्या मेव्हण्यांना निवृत्तीनंतर गोव्यात कुळागर, म्हणजे पोफळी-मिरीची बागायत, घ्यायचं आहे. दोन जागा त्यांच्या मनात भरल्यात. एक सत्तरीत, अंजुणे धरणाच्या खालच्या अंगाला, दुसरी सांग्यात, साळावलीच्या खाली. भाव, रस्ता, पोफळींचं वय त्यांनी पाहून झालंय. मला विचारलं ते नदीबद्दल, कारण दोन्ही तऱ्हेच्या धरणांखाली मी बागायत केली आहे.

अंजुण्याच्या सांडव्याला, म्हणजे तलावाचं जादा पाणी बाहेर पडायच्या वाटेला, दरवाजे आहेत. साळावलीच्या नाहीत. तिथला सांडवा बदकाच्या चोचीसारखा वळलेला, तलाव भरला की पाणी आपसूक ओसंडतं.

दरवाजांचा फायदा खरा आहे. जुलैत तलाव थोडा रिता ठेवून पुराला जागा करता येते, आणि पाऊस सरत आला की दरवाजे लावून शेवटचं पाणी धरता येतं. अंजुण्याचा साठा साडेचार कोटी घनमीटरच्या आसपास, साळावलीच्या पाचव्या हिश्शाहून कमी. एवढ्याशा तलावाला हे लागतंच. शिवाय खाली वाळवंटी नदीच्या काठी साखळी गाव आहे. ही नदी ज्या मांडवीला मिळते तिला भरती असली की तिथलं पाणी लवकर उतरत नाही. अशा वेळी सोडायचं पाणी थोडं थोपवता आलं तर बाजारपेठेतल्या लोकांना केवढा आधार!

पण दरवाजा कधी उघडायचा हे उद्याच्या पावसावर ठरतं, आणि उद्याचा पाऊस आज कुणालाच दिसत नाही. लवकर भरून ठेवलं तर ऑगस्टच्या मुसळधारेला जागा उरत नाही. रितं ठेवलं आणि पाऊस आधीच परतला, तर मे महिन्यात पाट कोरडा. गोव्यात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तरी हा पेच सुटत नाही, कारण जवळजवळ सगळा चार महिन्यांतच कोसळतो.

माझं मन कशाने फिरलं ते सांगतो. माझी पहिली बागायत अशाच एका दरवाजांच्या धरणाखाली होती. त्याचं नाव इथे नको. पंप नदीकाठी. एका दुपारी आमच्याकडे लख्ख ऊन होतं, वर घाटात काय चाललंय याचा पत्ता नव्हता. दरवाजे उघडल्याचा निरोप आला तेव्हा पाणी पंपाच्या चौथऱ्याला लागलं होतं. मोटर गेली, त्याचं फारसं नाही. पण त्यानंतर प्रत्येक पावसाळ्यात घरचं कुणी ना कुणी रात्री उठून टॉर्च घेऊन काठावर जायचं. ती जाग मला सोसली नाही.

सांग्यात आल्यावर ती गेली. साळावली एकदा भरली की आलेलं पाणी खाली येणारच, ते कुणी अडवू शकत नाही. हा तिचा उणेपणाच. पण तलाव मोठा, २३ कोटी घनमीटरांहून अधिक. वरून आलेला लोंढा आधी त्यात पसरतो, मग चोचीवरून हळूहळू वाढत उतरतो. काठाच्या दगडावर मी चुन्याची रेघ मारली आहे. पाणी तिथवर यायला लागलं की पंप वर घ्यायला मला आजवर पुरेसा वेळ मिळालाय. हे मोजमाप नव्हे, माझ्या एका काठापुरता अनुभव.

साळावलीचं पाणी दक्षिण गोव्याच्या नळांना जातं. त्यासाठी कुर्डीसारखं गाव बुडालं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की तिथली माणसं देवळापाशी जमतात. आपल्या पाटात पाणी येतं तेव्हा मला ती आठवतात.

वायंगण, म्हणजे पावसाळ्यानंतरचं पाटाच्या पाण्यावरचं भात करायचं असेल आणि कालवा बांधाला लागून असेल, तर सत्तरीची जागा कदाचित सरस ठरेल. पोफळी, मिरी, जायफळ आणि रात्रीची झोप हवी असेल, तर मी सांग्याकडे बोट दाखवीन. जमीन पाहायला मात्र मे महिन्यात जाऊ नका. जुलैच्या शेवटी जा, आणि शेजारच्या म्हाताऱ्यांना विचारा, गेल्या पुरात कितव्या पोफळीपर्यंत पाणी आलं होतं.